मुलांच्या गणितासाठी रोटरी कटर, मॅट आणि अ‍ॅक्रिलिक पट्टी: काय घ्यावं, काय टाळावं

कापडाचे साडेतीन इंचांचे तीन चौकोन एका रांगेत शिवले तर रांग किती लांब होईल? बहुतेक मुलं साडेदहा म्हणतात. टेप लावला की साडेनऊ भरते. शिवणी दोन, प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांची पाव-पाव इंच माया (शिवणीसाठी सोडलेलं कापड) आत गेलेली. म्हणजे नेमका एक इंच गेला. अपूर्णांक शिकवायला यापेक्षा चांगला धडा नाही. मात्र त्यासाठी तुकडे खरोखर साडेतीन इंचांचे कापलेले हवेत. खडूची रेघ जाड येते, कात्री कापड उचलते, आणि हिशोब चुकला की कापणं चुकलं हे मुलाला कळत नाही. 45 मिमी व्यासाच्या गोल, फिरत्या पात्याचा रोटरी कटर, त्याखाली ठेवायची 60 × 45 सेंमीची मॅट आणि अ‍ॅक्रिलिक पट्टी हा संच या कामासाठी कसा आहे, ते इथे पाहू.

संचातली सगळ्यात मोलाची वस्तू पट्टी. चांगल्या पट्टीवर इंचाच्या आठव्या भागापर्यंत खुणा आणि 30, 45, 60 अंशांच्या रेषा असतात. ती पारदर्शक असल्यामुळे खालचा धागा सरळ आहे की नाही तेही दिसतं. नेहमीची 6 × 24 इंची पट्टी मात्र लहान हातांना झेपत नाही. जवळचं टोक दाबलं की लांबचं सरकतं आणि पट्टा एका बाजूला निमुळता होतो. मुलांसाठी 6 × 12 इंची घ्या, तिच्या पाठीला चार कोपऱ्यांत बारीक पॉलिश पेपरचे तुकडे चिकटवा. लांब पट्टे मोठ्यांनी कापून द्यावेत, त्यांचे चौकोन मुलांनी करावेत.

कटरचा शोध जुना नाही. जपानच्या ओल्फा कंपनीने तो 1979 साली बाजारात आणला. मुलांसाठी मूठ दाबल्यावरच पातं बाहेर येणारा आणि सोडल्यावर आपोआप आत जाणारा प्रकारच घ्या. साधा, हाताने झाकायचा कटर स्वस्त असतो, पण झाकायचं हमखास राहून जातं. नऊ-दहा वर्षांच्या आत कटर हातात देऊ नये. त्यांना कापलेले तुकडे मांडायला आणि मोजायला द्यावेत. त्यापुढच्या मुलांनीही उभं राहून, पायात बंद बूट घालून, कटर अंगापासून दूर ढकलत कापावं. पट्टीवरची बोटं कडेपासून आत हवीत, आणि मोठं माणूस शेजारीच हवं.

पातं टाचणीवरून गेलं की त्याला खाच पडते आणि कापडात ठरावीक अंतरावर एखादा धागा न कापता राहतो. ते अंतर मुलांना मोजायला लावा. 45 मिमीच्या पात्याचा परीघ सुमारे 141 मिमी, म्हणून धागा दर 14 सेंमीवर अडकलेला सापडतो. 28 मिमीच्या लहान कटरला हेच अंतर 88 मिमी येतं, 22/7 धरून अगदी पूर्णांकात. परीघाचं सूत्र असं कापडावर उमटलेलं दिसलं की मुलं ते विसरत नाहीत.

मॅटबद्दल आमची तक्रार तिच्या चौकटींची आहे. त्या पट्टीशी तंतोतंत जुळतीलच असं नाही, त्यामुळे एक बाजू मॅटवर आणि दुसरी पट्टीवर मोजली की फरक पडतो. माप नेहमी पट्टीनेच घ्यावं, मॅट फक्त पातं झेलायला. उन्हात किंवा इस्त्रीखाली मॅट वाकते आणि पुन्हा सपाट होत नाही. ए3 मॅट स्वस्त पडते, पण कापडाचा दुमडलेला पन्नाच (पूर्ण रुंदी) तिच्यावर मावत नाही.

आता कापड. मध्यम जाडीचं सुती घ्या, आधी धुऊन, कांजी देऊन इस्त्री केलेलं, मलमल सरकतं. 44 इंच पन्न्यातून दोन्ही काठ काढल्यावर साधारण 42 इंच हाती येतात, आणि 42 भागिले साडेतीन म्हणजे बरोबर 12 चौकोन. इथे जुनी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, कामाला येते: औट, सात, साडेदहा, चौदा… पाढा म्हणत पट्टी सरकवायची. अर्धा मीटर कापडाची लांबी 19.7 इंच, त्यात साडेतीन इंचांचे पाच पट्टे, म्हणजे 60 चौकोन, आणि वर दोन इंचांहून थोडी जास्त चिंधी उरते. दुकानात जाण्याआधी हा हिशोब मुलांकडून करून घ्यावा.

नऊ चौकोन जोडून केलेल्या ठोकळ्यानंतर त्रिकोण घ्या. शिवून झाल्यावर तीन इंची दिसणारा चौकोन दोन त्रिकोणांचा हवा असेल, तर मूळ चौकोन 3⅞ इंचांचा कापतात. हे सात-अष्टमांश कुठून आले? काटकोन समद्विभुज त्रिकोणाला चहूकडून पाव इंच माया दिली की त्याची काटकोनाची बाजू ¼ × (2 + √2), म्हणजे 0.854 इंचांनी वाढते. पट्टीवरची जवळची खूण ⅞, म्हणजे 0.875. आठवी-नववीच्या मुलांनी हे कागदावर सोडवावं. लहानांनी चार इंचांचे दोन चौकोन एकमेकांवर ठेवावेत, कर्णाच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवून कर्णावर कापावेत, आणि मिळालेले दोन्ही तुकडे साडेतीनला छाटावेत. कर्णावर कापलेली कड उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी, असते, ती ताणली जाते. इस्त्री ओढू नका, वरून दाबा.

सगळं बरोबर कापूनही रांग कमी भरली तर मशीनकडे पाहा. मशीनच्या नेहमीच्या फूटची (सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या भागाची) कड सुईपासून पाव इंचावर असतेच असं नाही. दीड इंचाचे तीन पट्टे शिवा. मधला नेमका एक इंच दिसला पाहिजे. प्रत्येक बाजूला 1/16 इंच जास्त माया गेली, तर आठ चौकोनांच्या रांगेतल्या सात शिवणींत ⅞ इंच हरवतो. साडेचोवीसऐवजी 23⅝. लहान चूक कशी साठत जाते हे इथे टेपवर वाचता येतं, म्हणून अशी एक रांग उसवू नका, वर्गात ठेवा.

इंच नको असतील तर सेंटीमीटरची पट्टीही मिळते. माया 0.75 सेंमी, त्रिकोणासाठी वाढ 2.5 सेंमी. शाळेच्या पुस्तकांशी ती जुळते, पण पाव-निम-पाऊणचा सराव सुटतो. अपूर्णांकच शिकवायचे असतील तर इंचाचीच घ्या, आणि एका संचात दोन्ही मिसळू नका.

पैसे मोजके असतील तर आधी फक्त पट्टी घ्या, बारीक टोकाची पेन्सिल आणि धारदार कात्री वापरा. मग मॅट आणि कटर एकत्रच. मॅटशिवाय कटर टेबलही खराब करतो आणि पातंही. सोबत पात्यांचं जादा पाकीट हवंच, कारण बोथट पातं जोर लावायला लावतं आणि जोर लावताना ते घसरतं. काढलेलं पातं जुन्या औषधाच्या डबीत टेप लावून बंद करा आणि मगच कचऱ्यात टाका.