गोळ्यांची सात खणांची डबी: पाचपैकी साडेतीन

दादर पश्चिमेला रानडे रोडवरच्या एका प्लॅस्टिकच्या दुकानातून ही डबी घेतली. दीडशे सांगत होता, १२० ला दिली. वापरून चार महिने झाले.

मी प्रभादेवीला राहते, घरून डबे देते. चौदा डबे सकाळी साडेनऊला दाराबाहेर पडतात, आजवर एकही राहिलेला नाही. आणि माझी स्वतःची कोलेस्टेरॉलची गोळी, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम, आठवड्यातून दोनदा तरी राहायचीच. रात्री ओटा पुसून होईपर्यंत दहा वाजतात, त्यानंतर पाठ टेकली की संपलं. त्यात ही गोळी चुकली तरी ना डोकं दुखतं, ना चक्कर येते. आठवण होणार कशी?

खरी पंचाईत सकाळी. हातात पंधराची स्ट्रिप, सहा उरलेल्या. काल घेतली की नाही? एकदा अशाच शंकेने एक घेतली आणि मग उशाशी रात्रीचा रिकामा ग्लास दिसला. घाबरून डॉक्टरांना फोन. ते म्हणाले, एवढ्याने काही होणार नाही, पण पुन्हा कधी शंका आली तर घ्यायची नाही, पुढची वेळ पाळायची. दुसरं असं की रात्री दहाची राहिली आणि सकाळी सातला आठवलं तर खुशाल घ्या, रात्रीच्या गोळीला अजून पंधरा तास आहेत. दुपारी दोनला आठवलं तर सोडून द्या. दोन गोळ्यांत बारा तासांपेक्षा कमी अंतर नको, आणि राहिलेली भरून काढायला दोन एकदम तर कधीच नकोत. हे सगळं माझ्या गोळीचं, तुमची वेगळी असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आता डबी. झाकणांवर इंग्रजी अक्षरं आहेत: दोन टी, दोन एस. मंगळवार कुठला आणि गुरुवार कुठला? पहिल्याच आठवड्यात गोंधळ. शेवटी सुनेच्या नेलपॉलिशने सो, मं, बु असं लिहून घेतलं. लाल रंगात छान दिसतं. गुरुवारचं झाकण तिसऱ्या आठवड्यात बिजागरीतून निघालं. बदलून मागायला गेले तर दुकानदार म्हणतो, ‘ताई, प्लॅस्टिक आहे, जरा हळू उघडायचं.’ अर्धा गुण तिथेच कापला.

पावसाळ्यात या गोळ्या उघड्या काढून ठेवायला माझं मन घेईना. आपल्या मुंबईत मीठसुद्धा बरणीत पाणी धरतं. म्हणून मी स्ट्रिप कात्रीने कापून पाकिटासकट एकेक तुकडा खणात टाकते. तुकड्याचे कोपरे बोटाला लागतात आणि खण इतके लहान की झाकण जेमतेम बसतं. एक गुण त्याचा. एक्स्पायरी छापलेला तुकडा मात्र शेवटी वापरायचा, नाहीतर तारीख कचऱ्यात जाते.

तरी साडेतीन का? कारण खण रिकामा म्हणजे घेतली, भरलेला म्हणजे राहिली. मोजणी नाही, आठवणं नाही. शिवाय डॉक्टरांना विचारून गोळीच सकाळवर आणली. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन दिवसातून कधीही चालते, वेळ रोज तीच हवी. माझ्या वहिनीची सिमव्हास्टॅटिन आहे, तिला रात्रीचीच सांगितली आहे, कारण यकृत कोलेस्टेरॉल जास्त करून रात्री बनवतं आणि ती गोळी शरीरात फार वेळ टिकत नाही. वहिनीने हीच डबी घेतली आणि उशाशी ठेवली.

माझी डबी चहाच्या डब्याला टेकून असते. आधण ठेवलं की आधी तिच्याकडे हात जातो. चार महिन्यांत दोनच खण भरलेले राहिले, दोन्ही गणपतीत गावाला गेले तेव्हाचे. गुरुवारच्या खणाला सध्या कोथिंबिरीच्या जुडीचं रबर लावलंय.