कामाला लावणारी मदत: कोणता आराखडा कुठे चालतो?

कसोटी एकच: सरकारी मदत घेणाऱ्या अल्पकुशल माणसाने शंभर रुपये जास्त कमावले, तर मदत कापून जाऊन त्याच्या हातात किती उरतात?

'मर्यादा ओलांडली की सगळं बंद' ही रचना राबवायला सोपी आणि या कसोटीवर सर्वांत वाईट. लाडकी बहीण योजनेत (2024) महिना 1,500 रुपये, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. नियम काटेकोर लावला तर 2,49,000 वरून 2,52,000 वर गेलेलं घर तीन हजार कमावून अठरा हजार गमावतं. पण पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असली की उत्पन्नाचा दाखलाच लागत नाही. मग काम सोडण्यापेक्षा कमाई न दाखवणं सोपं.

ब्रिटनचं युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना दरमहा मिळणारा सरकारी भत्ता, मदत हळूहळू कमी करतं. हातात येणाऱ्या दर पौंडामागे कपात 2021 पर्यंत 63 पेन्स होती, नंतर 55. म्हणजे शंभरातले 45 उरतात. गोची महिन्याच्या हिशेबात आहे: दर चार आठवड्यांनी पगार मिळणाऱ्याला वर्षातून एकदा एकाच महिन्यात दोन पगार दिसतात आणि त्या महिन्याची मदत कोसळते.

अमेरिकेची अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट (1975), म्हणजे कमी कमाईच्या कष्टकऱ्यांना करखात्यामार्फत मिळणारी मदत, उलटी चालते. कमाई शून्य तर मदतही शून्य. दोन मुलांच्या घराला सुरुवातीच्या टप्प्यात कमावलेल्या दर डॉलरमागे 40 सेंट जास्तीचे मिळतात. बऱ्याच पुढे गेल्यावर सुमारे 21 सेंटने कपात सुरू होते. नोकरीत पहिलं पाऊल टाकायला याहून चांगली रचना नाही. मात्र पैसे वर्षातून एकदाच, तेही कराचं विवरणपत्र भरल्यावर.

या दोन्ही रचनांना कमाईची नोंद लागते. बिगारी किंवा शेतमजुराची पगारपावती आणायची कुठून? तिथे महाराष्ट्राची रोजगार हमी (कायदा 1977) सरस ठरते: मागेल त्याला काम, मोजमापाप्रमाणे मजुरी. ज्याला बाहेर जास्त मिळतं तो आपणहून येत नाही, त्यामुळे दाखला तपासायची गरजच उरत नाही. म्हातारे, अपंग यांच्यासाठी मात्र वेगळं निवृत्तिवेतन हवंच.

मजुरीचा दर ठरवताना जपावं. 1988 मध्ये किमान वेतनाबरोबर रोहयोची मजुरी दुपटीच्या आसपास गेली, तेव्हा मागणी वाढूनही सरकारने कामं आवळली आणि हमी पातळ झाली. दुसरी अडचण चुकाऱ्याची. मोजमाप वही वेळेत भरली नाही तर मजुरी लांबते, आणि तोवर माणूस मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेलेला असतो.