स्तोत्र ५९ समजून घ्यायला सेफारिया : उपयोगी, पण वचनांचे आकडे सांभाळा

सेफारिया हे यहुदी ग्रंथांचं मोफत संकेतस्थळ आहे. नावनोंदणी लागत नाही आणि मोबाइलचं ॲपही आहे. शत्रूंपासून सोडव अशी याचना करणारी बायबलमधली स्तोत्रं ज्यांना नुसती म्हणायची नाहीत, शब्द धरून समजून घ्यायची आहेत, त्यांनी हे साधन वापरावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. पडद्यावरच्या सूचना मात्र हिब्रू आणि इंग्रजीत आहेत, त्यामुळे मराठी पवित्र शास्त्र (बायबल) शेजारी उघडं हवंच. हे साधन पारखायला स्तोत्र ५९ घेतलं आहे. शौल राजाने दावीदाला मारायला त्याच्या घरावर माणसं बसवली, त्या प्रसंगाचं हे स्तोत्र.

पहिली अडचण आकड्यांची, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. मराठी शास्त्रात या स्तोत्राची वचनं १७, सेफारियावर १८. हिब्रू परंपरेत स्तोत्राचा मथळा हेच पहिलं वचन धरतात. म्हणून मराठीतलं ११वं वचन तिथे १२वं. पण सगळीकडे एकच मिळवून चालत नाही. ५१, ५२, ५४ आणि ६० या स्तोत्रांचे मथळे लांब आहेत, तिथे दोनाचा फरक पडतो. स्तोत्र ३५ मध्ये मथळा पहिल्याच वचनात सामावलेला असल्यामुळे फरक पडत नाही. हे न पाहता टीका (वचनावरचं भाष्य) उघडली, तर भलत्याच वचनाचा अर्थ हाती येतो.

वापरायची रीत साधी आहे. शोधपेटीत इंग्रजीतून स्तोत्राचं नाव आणि आकडा टाका. मजकूर उघडला की हिब्रू व इंग्रजी दोन्ही दिसतील असं ठेवा आणि स्वरचिन्हं चालू ठेवा. वचनावर टिचकी मारली की बाजूला त्या वचनावरच्या टीकांची यादी येते. एखादा हिब्रू शब्द निवडला, तर कोशातल्या नोंदी दिसतात. आमच्या मते या साधनाची खरी किंमत त्या कोशात आहे.

मथळ्यात म्हटलं आहे की शौलाच्या माणसांनी घरावर पाळत ठेवली. तिथला धातू (शब्दाचं मूळ) ‘शामर’, म्हणजे राखणे, नजर ठेवणे. हा प्रसंग सांगणाऱ्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात (१ शमुवेल १९:११) हाच धातू आहे. पुढे मराठी ९व्या (हिब्रू १०व्या) वचनात दावीद देवाला म्हणतो, ‘एलेखा एश्मोरा’, मी तुझ्याकडे डोळे लावून बसेन. धातू पुन्हा तोच! ते घरावर नजर ठेवून आहेत आणि हा देवाकडे. भाषांतरात ‘पाळत’ आणि ‘वाट पाहणे’ असे दोन वेगळे शब्द येतात, मग हा धागा तुटतो. शेवटच्या वचनात हीच ओळ परत येते, पण तिथे ‘एश्मोरा’च्या जागी ‘अझम्मेरा’, म्हणजे गाईन. हिब्रू लिपीत या दोन शब्दांत फक्त एका अक्षराचा फरक आहे, ‘शीन’च्या जागी ‘झायिन’. पहारा संपून गाणं सुरू झालं ते या एका अक्षरात.

आता संध्याकाळी गावभर गुरगुरत फिरणाऱ्या कुत्र्यांची ओळ पाहा. मराठी ६ आणि १४ या वचनांत ती जशीच्या तशी आहे. ‘त्यांना नाहीसे कर’ ही मागणी १३व्या वचनात, आणि लगेच १४व्यात कुत्री पुन्हा हजर. शत्रू गेलेला नाही, बदलला आहे तो गाणारा. १६व्या वचनात तो सकाळी गाईन म्हणतो. शमुवेलात दावीदाला मारायची वेळ सकाळचीच ठरली होती, हे लक्षात घेऊन ते वचन वाचावं.

सगळ्यात अवघड जागा ११व्या वचनाची : ‘त्यांना मारू नको, नाहीतर माझे लोक विसरतील.’ दोनच वचनांनी ‘नाहीसे कर’. बाराव्या शतकाच्या आरंभी निवर्तलेला फ्रान्सचा टीकाकार राशी सांगतो की मरण हा लक्षात राहणारा सूड नव्हे. शत्रू निर्धन होऊन भटकला, तर ते लोकांच्या पुष्कळ दिवस स्मरणात राहतं. अर्थ कठोर आहे, पण दोन वचनांतला विरोध तो टाळत नाही, म्हणून तो वाचावा. ज्यांना हे स्तोत्र शेजाऱ्याचं किंवा भाऊबंदाचं नाव घालून म्हणायची सवय आहे, त्यांनी तर या वचनावर थांबावंच. इथे सूड दावीदाच्या हातात नाही.

याच वचनावर सेफारियाची मर्यादाही दिसते. इथल्या टीका यहुदी परंपरेतल्या. प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टिनने ‘त्यांना मारू नको’ हे वचन यहुद्यांनाच लावलं : त्यांना जिवंत ठेवावं, पण विखुरलेले. या अर्थाचा युरोपातल्या यहुद्यांच्या आयुष्यावर शतकानुशतकं परिणाम झाला. ख्रिस्ती वाचकाने हा इतिहास दुसरीकडून मिळवून वाचलाच पाहिजे. जुनं ग्रीक भाषांतरही वेगळं शोधावं लागतं; तिथे हे स्तोत्र ५८वं आहे. मराठी १५व्या वचनात हिब्रूचा एक अर्थ ‘रात्रभर थांबतात’ असा होतो, तर ग्रीकमध्ये ‘कुरकुर करतात’. त्यामुळे दोन भाषांतरं जुळली नाहीत, तर एक चुकलं असं समजू नये.

बऱ्याच टीका फक्त हिब्रूत आहेत, इंग्रजी भाषांतर नाही. राशीपासून सुरुवात केली तर अडत नाही. सिनेगॉगमधल्या प्रार्थनेमुळे हिब्रू वाचता येणाऱ्या, पण अर्थ मराठीतून धरणाऱ्या बेने इस्राएल (महाराष्ट्रातल्या यहुदी समाजाच्या) वाचकांना स्वरचिन्हांचा मजकूर फार सोयीचा पडेल. ॲपमध्ये ग्रंथ उतरवून ठेवता येतात, नेट नसलं तरी वाचता येतात. अभ्यासवर्ग घेणाऱ्यांनी आदल्या दिवशी स्तोत्रं आणि शमुवेल दोन्ही उतरवून घ्यावीत.