चेहरा शाईत की जलरंगात?

पेन्सिलीत चेहऱ्याचं साम्य येतं, पण चित्र पासपोर्टच्या फोटोसारखं ताठ दिसतं, अशी तक्रार असेल तर माध्यम बदलून पाहा. शाई आणि जलरंग, दोन्ही हातातला खोडरबर काढून घेतात. फक्त चुकीची शिक्षा दोघांची वेगळी.

शाईत चूक रेषेत होते आणि तत्क्षणी दिसते. बोरू बुडवून ओढलात की आधी भरगच्च काळी रेष येते, मग शाई संपत आली की ती खरखरीत, तुटक होते. दाढीच्या खुंटांना, डोळ्यांखालच्या सुरकुत्यांना ही तुटकी रेष जितकी शोभते तितकं दुसरं काही शोभत नाही. रवींद्रनाथ ठाकुरांची चित्रकला हस्तलिखितातल्या खाडाखोडीतूनच वर आली आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं. त्यांच्या चेहऱ्यांत शरीरशास्त्र शोधायला जाऊ नये, पण ते डोळे पाठ सोडत नाहीत.

शाई घेताना मात्र एक पाहा. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक वाळली की तिच्यावरून ओला ब्रश फिरवला तरी हलत नाही. फाउंटन पेनची साधी शाई पाणी लागताच पसरते, आणि काळीतून कधी निळा, कधी तपकिरी फुटतो. गालाची सावली अशी आयती मिळते, म्हणून प्रयोगाला मला हीच आवडते. पण ती उजेडात फिकी पडते. कुणाला भेट द्यायचं, फ्रेम करायचं पोर्ट्रेट तिच्यात करू नका. आणि वॉटरप्रूफ शाई फाउंटन पेनात भरू नका. माझं एक चांगलं पेन त्यातच गेलं.

जलरंगात चूक वेळेची असते. कपाळाचा वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा थर, अर्धवट ओला असताना भुवई रंगवायला गेलात की ती केसांपर्यंत पसरते. थांबलात तर कडा कडक होते. वाळल्यावर रंग फिका दिसतो, म्हणून सावली घाबरत घाबरत लावली की चेहरा सपाट होतो. नाकावरचा उजेड हा कोरा कागद असतो, तो आधीच राखावा लागतो. पावसाळ्यात मुंबईत एक वॉश वाळेपर्यंत चहा होतो, मे महिन्यात नागपुरात ब्रश उचलेपर्यंत कागद कोरडा.

मग एवढा उपद्व्याप कशाला? त्वचेसाठी. येलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) ओल्या कागदावर एकमेकांत मिसळू द्या, सावलीत किंचित अल्ट्रामरीन निळा सोडा. सावळ्या गालाला जी ऊब येते ती काळ्या शाईत येणार नाही. चित्रकार सा. ल. हळदणकरांनी हातात समई घेतलेल्या मुलीचं चित्र जलरंगातच केलं. मॉडेल त्यांचीच मुलगी. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये ते पाहणारे अनेकजण रविवर्म्याचं म्हणून पाहतात, तैलरंग समजून पाहतात! बोटांतून झिरपणारा तो उजेड पाहिला की जलरंग हे पोरासोरांचं माध्यम आहे असं पुन्हा म्हणवत नाही.

खर्चाचं थोडक्यात: शाईला एक बाटली, टाक आणि जाडसर कार्ट्रिज पेपर पुरतो. जलरंगात रंगांवर नव्हे, कागदावर पैसे घाला. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), शक्यतो कॉटनचा. पातळ कागदाचा पापड होतो, आणि मग दोष स्वतःच्या हाताला लावत बसाल.

दोन्ही एकत्र? जरूर, पण वॉटरप्रूफ शाईने पूर्ण चेहरा काढून आत रंग भरलात तर ते लहान मुलांचं रंगवायचं पुस्तक होतं. मी उलट करतो. आधी मोकळे रंग, ते पुरते वाळले की पापणी, नाकपुडी, ओठांची मधली फट, एवढ्याच रेषा. बाकी चेहरा पाहणाऱ्याची नजर पुरा करते.

हात धीट पण रंगाची धास्ती असेल, तर शाईने सुरुवात करा. रेखाटन कच्चं असेल तरीही शाईच, कारण रंगांच्या गोडव्यामागे कच्चं रेखाटन वर्षानुवर्षं लपून राहू शकतं. रंगाची नजर आहे आणि थांबायची तयारी आहे, तर जलरंग. घरच्या माणसाला समोर बसवणार असाल तर हेही धरा: शाईचं काम पंधरा मिनिटांत उरकतं. जलरंगात दुसरा वॉश वाळेपर्यंत मॉडेल उठून स्वयंपाकघरात गेलेलं असतं.