चाव्यांचा ड्रेस फॉर्म: लगीनसराई आणि गॅदरिंगचं काम काढल्यानंतर

चाव्या फिरवून माप वाढवायचा ड्रेस फॉर्म (शिवलेला कपडा चढवून बघायचा धडाचा पुतळा) घ्यावा का, हे तुम्ही काय शिवता त्यावर आहे. कुर्ता, अनारकली, घागरा असेल तर बिनधास्त घ्या. गिऱ्हाइकी मुख्यतः ब्लाऊजची असेल तर जरा थांबा.

माझा हा फॉर्म छाती ३३ ते ४१ इंचांचा. चाव्या १३: छाती, कंबर आणि सीटला चार-चार, मानेला एक. धड चार तुकड्यांचं, त्यामुळे चावी फिरवली की पुढं, पाठीत आणि दोन्ही कुशींत फट पडते. ३८ छाती लावली की वाढलेले ५ इंच चार फटींत वाटले जातात, प्रत्येकी सव्वा इंच. ब्लाऊज फसतो तो इथंच. भरल्या छातीच्या बाईचं जास्तीचं माप पुढं असतं. फॉर्म मात्र पाठही तेवढीच रुंद करतो आणि दोन टक्स-पॉइंटमधलं (उभाराच्या टोकांमधलं) अंतरही सव्वा इंचानं वाढवतो. म्हणून फॉर्मवर झकास बसलेली कटोरी अंगावर पुढून ताणते आणि पाठीत झोळ येतो. शोल्डर आणि मुंढा (बाही जोडायची जागा) तर चावीनं हलतच नाहीत.

यावर इलाज आहे, पण त्याला वेळ लागतो. छातीची चावी गिऱ्हाइकाच्या मापापेक्षा दीड-दोन इंच कमी ठेवायची. वर तिच्या साईजची ब्रा चढवून कप पॉलिस्टर वॅडिंगनं भरायचे. कापूस नको, तो दबतो आणि गोळे होतात. पोटाला, सीटला वॅडिंगचे थर लावताना प्रत्येक थराची कड बोटांनी ओढून विरळ करायची, नाहीतर साटीनच्या कापडातून ती कड स्पष्ट दिसते. सगळ्यावर होजिअरीचं घट्ट कव्हर. मग तिचा मापाचा ब्लाऊज घालून बघा: सगळे हुक सहज लागले आणि मुंढ्याजवळ चुणी आली नाही, तरच पुढं जा. टेपवर नुसता घेर जुळला तर उभार बरोबर जागी आहे की नाही ते कळत नाही.

टाचणी सरळ टोचली की प्लास्टिकवर अडून वाकते, त्यामुळे ती तिरपी, वरच्या थरापुरतीच घालावी लागते. ड्रेपिंगचं (कापड थेट फॉर्मवर टाचून आकार द्यायचं) काम जास्त असेल तर कापडानं मढवलेला, आतून भरीव, ठरावीक मापाचा फॉर्म बरा. एक साईज लहान घेऊन वरून भरायचा. छाती-कंबरेच्या खुणांना साधी फीत लावू नका, चावी फिरवली की ती सुटते. पाव इंची इलॅस्टिक लावलं की ताणून जागेवर राहतं.

पैसे वसूल होतात ते घागऱ्यात. उरेब (तिरप्या कापलेल्या) कापडाचा घेर एक रात्र फॉर्मवर टांगून ठेवायचा, खाली उतरायचा तेवढा उतरू द्यायचा आणि मगच जमिनीपासून पट्टीनं उंची मारून खालचं कापायचं. जरीचा जड घागरा असेल तर तिवईच्या पायांवर वाळूची पिशवी ठेवा, नाहीतर फॉर्म कलंडतो.

गॅदरिंगच्या पोशाखांसाठी शिवलेली नऊवारी करणाऱ्यांनी मात्र यावर भरवसा ठेवू नये. मधला दांडा नेमका काष्ट्याच्या जागी येतो. पुढच्या निऱ्या आणि कंबर तपासता येते, कासोटा नाही. त्याला दोन पायांची दुकानातली जुनी डमीच हवी. फायबरवर पातळ फोम आणि होजिअरी गुंडाळली की टाचणीही धरते. शिवाय पोरांची मापं चाव्यांच्या फॉर्मवर बसतच नाहीत.

राहिला आपला उन्हाळा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, आणि पत्र्याखालच्या दुकानात तर विचारूच नका. फटींच्या कडेला चिकटवलेलं कापड आधी सुटलं; गोंदानं परत चिकटवण्यापेक्षा हातानं टाके घातलेले टिकले. धूळ चाव्यांत बसली की त्या करकर वाजतात. काम नसेल तेव्हा सगळं माप मिटवून वरून जुना परकर टाकून ठेवा. फॉर्मवर इस्त्री अजिबात फिरवू नका.

सुरतेहून वगैरे ट्रान्सपोर्टनं मागवलात तर पार्सल घेतानाच १३ही चाव्या शेवटपर्यंत फिरवून बघा, उंचीचा स्क्रू घट्ट बसतो का पाहा, आणि मानेच्या हाडापासून कंबरेपर्यंत पाठीची लांबी टेपनं मोजा. ती तुमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांपेक्षा दीड-दोन इंच जास्त निघाली तर तिथूनच परत पाठवा.