अल्बम काढावा की दौऱ्यावर निघावं?

हातात मोजके पैसे, तयार बारा गाणी, आणि बॅण्डमधल्या चौघांची चार मतं. एक म्हणतो, स्टुडिओ बुक करू. दुसरा म्हणतो, अल्बम विकत घेतंय कोण आता? व्हॅन ठरवा आणि शो करा. दुसऱ्याचं लगेच पटतं, कारण आकडे त्याच्या बाजूचे आहेत. पण ते आकडे कोणाचे आहेत, हे पाहिल्याशिवाय व्हॅनवाल्याला ॲडव्हान्स देऊ नका.

अल्बमची घसरण खरीच आहे. अमेरिकेत २००० साली सुमारे ७८.५ कोटी अल्बम विकले गेले. २०१० मध्ये ३२.६ कोटी, तेही डाऊनलोड केलेले अल्बम धरून. मार्च २००० मध्ये 'एनसिंक' या बॅण्डच्या अल्बमच्या पहिल्याच आठवड्यात २४ लाख प्रती खपल्या होत्या. जानेवारी २०११ मध्ये 'केक' हा बॅण्ड 'बिलबोर्ड' या अमेरिकी संगीत मासिकाच्या अल्बम यादीत पहिला आला तो ४४ हजार प्रतींवर.

याचं सगळं खापर गाणी फुकटात उतरवून घेणाऱ्यांवर फोडतात. मला ते अर्धंच पटतं. इंटरनेटवर एकमेकांची गाणी फुकट घ्यायची सोय करणारं नॅपस्टर १९९९ मध्ये आलं नि २००१ मध्ये बंदही पडलं, घसरण मात्र चालूच राहिली. २००३ मध्ये ॲपलच्या आयट्यून्स स्टोअर या ऑनलाइन दुकानाने ९९ सेंटला एकेक गाणं सुटं विकायला घेतलं आणि दोन आवडत्या गाण्यांसाठी उरलेल्या दहांचे पैसे मोजायची सक्ती संपली. अल्बमच्या धंद्याचा मोठा हिस्सा त्या सक्तीवरच उभा होता.

तिकिटांचं चित्र उलटं. अर्थतज्ज्ञ ॲलन क्रूगर यांच्या हिशोबाने १९९६ ते २००३ या काळात अमेरिकेत कॉन्सर्टच्या तिकिटाचा सरासरी भाव ८२ टक्क्यांनी वाढला, त्याच काळात महागाई १७ टक्क्यांनी. पूर्वी शो म्हणजे अल्बमची जाहिरात. तिकीट जरा स्वस्त ठेवलं की हॉल भरायचा, आणि खरी वसुली नंतर रेकॉर्डच्या दुकानात व्हायची. दुकानातली वसुली आटल्यावर तिकीट स्वस्त ठेवायला कारणच उरलं नाही. संगीत नळाच्या पाण्यासारखं होणार, तेव्हा भरपूर दौरे करायची तयारी ठेवा, असं ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी २००२ मध्येच सांगून गेला होता. अमेरिकन गायक प्रिन्सने २००७ मध्ये नवा अल्बम एका ब्रिटिश वृत्तपत्राबरोबर चक्क फुकट वाटला आणि लंडनच्या ओटू अरेनात २१ रात्री कार्यक्रम केले. 'यूटू' या आयरिश बॅण्डच्या २००९ ते २०११ च्या दौऱ्यात ११० शोंची सुमारे ७२ लाख तिकिटं खपली.

इथेच मेख आहे. प्रिन्स किंवा यूटूसाठी माणसं रांगा लावत होती ती आदल्या वीस-पंचवीस वर्षांच्या अल्बमांमुळे. पेरणी एका जमान्यात झाली, कापणी दुसऱ्यात. क्रूगर यांचाच आणखी एक आकडा सांगतो: १९८२ मध्ये कॉन्सर्टच्या एकूण कमाईतला २६ टक्के वाटा वरच्या एक टक्का कलाकारांकडे जात होता, २००३ मध्ये तो ५६ टक्के झाला. 'लोक आता शोवर खर्च करतात' हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, कोणाच्या शोवर?

आता पैसा हातात किती येतो ते पाहू. लेबलकडून, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडून, अल्बम काढला तर रॉयल्टी साधारण १२ ते १५ टक्के, आणि तीही दिलेला ॲडव्हान्स वळता करून घेतल्यावर. बऱ्याच जणांचा तो आयुष्यात वळता होत नाही.

शोचा हिशोब मात्र त्याच रात्री होतो. शेवटचं गाणं संपतं, ड्रमर झांजा काढत असतो, आणि मागच्या खोलीत प्रमोटर, म्हणजे शोचा आयोजक, कॅल्क्युलेटर घेऊन बसतो. हॉलचं भाडं वजा. साउंड, लाइट वजा. पोस्टरं, दारावरची माणसं वजा. उरलेल्यातला मोठा वाटा बॅण्डचा, ऐकायला छान. त्यातून एजंटचे दहा टक्के, मॅनेजरचे पंधरा-वीस, डिझेल, लॉज, चौघांचं जेवण. तीनशेचा हॉल भरला तर चार पैसे सुटतात. ऐंशी माणसं आली तर पदरमोड. शिवाय अल्बम झोपेतही विकला जातो, शोसाठी रोज गळा शाबूत लागतो. गायकाला ताप आला की त्या दिवशीची कमाई शून्य, भाडं मात्र चालू.

माझं मत असं. तुम्हाला कोणी ओळखत नसेल तर बारा गाण्यांचा अल्बम नको आणि मोठा दौराही नको. चार उत्तम गाणी रेकॉर्ड करा आणि रात्री घरी परतता येईल अशा अंतरावरचे शो घ्या. दोन-तीन शहरांत हॉल भरतोय, लोक शब्द म्हणताहेत, असं दिसलं की पैसा व्हॅनमध्ये घाला. तुमचं संगीत थर रचत स्टुडिओतच जन्मत असेल, मंचावर चौघांकडून निम्मंही उभं राहत नसेल, तर खुशाल अल्बम काढा आणि दौऱ्याच्या सल्ल्यांकडे कानाडोळा करा. कोणी 'सगळ्यातला वाटा' मागणारा करार पुढे केला, तर तिकीट आणि टी-शर्टातले किती टक्के जाणार ते आधी वाचा. अल्बम खपेना तेव्हापासून लेबलांची नजर तिकडेही वळली आहे.

आणि चार गाण्यांच्या का होईना, सीड्या छापून सोबत न्या. घरी बसून जे गाणं माणूस ९९ सेंटलाही घेणार नाही, त्याचीच सीडी शो संपल्यावर दाराजवळच्या टेबलावरून तो दहा डॉलरला घेतो. घरी ती लावायला त्याच्याकडे काही नसतं. त्याला कव्हरवर सही हवी असते, आणि सही करताना तुम्ही त्याचं नाव विचारावं एवढंच. त्या टेबलाशी बसायला ड्रमरला ठेवू नका, त्याचं सामान आवरणं कधी संपत नाही.