वानीकानी: कांजी डोळ्यांत बसते, हातात नाही

वानीकानी म्हणजे शब्दशः 'मगर-खेकडा'. नाव गमतीचं असलं तरी कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी मूळची अक्षरं, शिकवणाऱ्या या संकेतस्थळाची बांधणी पक्की आहे. एकूण 60 पातळ्या, सुमारे 2,000 कांजी, 6,000 हून अधिक शब्द. जपानच्या जोयो (रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या) यादीत 2,136 कांजी आहेत, तेव्हा बहुतेक यादी इथे उरकते. पहिल्या तीन पातळ्या फुकट आहेत.

सगळ्यात जमलेली गोष्ट म्हणजे आधी घटक आणि मग कांजी हा क्रम. नवशिक्याला कांजीत रेघांचा गुंता दिसतो, सरावलेल्याला दोन-तीन ओळखीचे तुकडे दिसतात. ही ओळख मुख्यतः मेंदूच्या डाव्या टेम्पोरल लोबच्या मागच्या, खालच्या भागात पटते. तिथे इजा झालेल्या काही जपानी रुग्णांना काना (जपानीची उच्चार दाखवणारी अक्षरं) वाचता येतात, पण कांजी अडते. मात्र इथल्या घटकांची नावं बरीचशी मनची आहेत. त्यांच्या भरवशावर पारंपरिक शब्दकोशात 214 मूलघटकांमधून शोधायला गेलात तर फसाल.

उजळणी 4 तास, 8 तास, 1 दिवस, 2 दिवस, 1 आठवडा, 2 आठवडे, 1 महिना आणि 4 महिने अशा वाढत्या अंतराने येते. म्हणजे एकही चूक न करता प्रत्येक गोष्ट आठ वेळा समोर येणार. रोज 10 नवे धडे घेतले तर काही महिन्यांनी रोजच्या 80 उजळण्या ठरलेल्या. कांजीला अर्थ आणि उच्चार असे दोन प्रश्न असतात, त्यामुळे उत्तरं त्याहून जास्त. चुका वेगळ्याच.

खरी अडचण जुळ्या कांजींची. 'वाट पाहणे' (मात्सु) आणि 'हातात धरणे' (मोत्सु) यांचा उजवा भाग एकच, 'देऊळ'. फरक फक्त डावीकडे, त्यात उच्चारही सख्खे शेजारी! शिरोरेषेतल्या फटीवरून आपण घ आणि ध वेगळे करतो, तशी बारीक नजर इथे लागते. पण कार्ड एकेकटं येतं, त्यामुळे अर्धी आकृती ओळखून उत्तर देण्याची सवय लागते.

लिहिण्याचा सराव तर नाहीच, सगळी उत्तरं टंकायची. जपानी माणूस अडलेली कांजी आठवताना हवेत बोट फिरवतो, त्याला कूशो म्हणतात. आकृतीची आठवण हाताच्या हालचालीतही साठते, ती बाजू इथे कोरी राहते. म्हणून चुकलेली जोडी वहीत शेजारी-शेजारी रेघांच्या क्रमाने तीनदा लिहा, मग झाकून एकदा. वेळ पुरत नसेल तर नवे धडे 10 वरून 5 वर आणा आणि उरलेली दहा मिनिटं वहीला द्या.

कांजी लक्षात राहावी म्हणून दिलेल्या स्मरणकथा इंग्रजी शब्दखेळांवर बेतलेल्या आहेत. न रुचल्यास प्रत्येक कांजीखाली स्वतःची टीप लिहायची सोय आहे, ती मराठीत लिहा.